सर्जेराव आणि झेंडूची गाडी

घाटाच्या पायथ्याशी असलेल्या एका गावात सर्जेराव नावाचा एक भोळा माणूस राहत होता. नाव असं दणदणीत. अंगात ताकद बैलाची. मिशा बघत राहाव्यात अशा. डोकं तेवढं देवानं "नंतर बघू" म्हणून बाजूला ठेवलं आणि मग तो दुसऱ्या कामात गुंतला.

सर्जेराव आळशी नव्हता, हे आधीच सांगून ठेवतो. आळशी माणसाचा गावाला फारसा त्रास होत नाही. सर्जेराव सांगितलेलं काम करायचा. सांगितलं तेवढंच, आणि सांगितलं तसंच.

एकदा त्याच्या थोरल्या बहिणीनं, इंदूअक्कानं, त्याला बारशाचं बोलावणं करायला धाडलं. "कडी वाजव, दार उघडलं की बोलावणं सांग, आणि पुढच्या घरी जा," असं अक्का म्हणाली. पहिल्याच घराचं दार सताड उघडं होतं. सर्जेरावानं कडी वाजवली. दार उघडेना, कारण ते उघडंच होतं. आतली माणसं "या की आत" म्हणून थकली. सर्जेराव दाराकडं बघत उभा. दिवेलागणीनंतर त्या लोकांनी दार लावून घेतलं आणि हा गेला का ते बघायला पुन्हा उघडलं, तेव्हा कुठं त्यानं बोलावणं सांगितलं. तोवर बारसं उरकून पाळण्यातलं पोर झोपलंही होतं.

हा सर्जेराव अक्काच्याच घरी राहायचा. अक्काचा नवरा जालिंदर ट्रक चालवायचा. ट्रक जुना, पण स्वतःचा. सर्जेराव त्याला दाजी म्हणायचा आणि देवाच्या खालोखाल मानायचा.

त्या वर्षी गावात झेंडू उदंड आला. दर वर्षी बाहेरचा व्यापारी येऊन फुलं घेऊन जायचा. जालिंदर चावडीवर उभा राहिला आणि छाती पुढं काढून म्हणाला, "औंदा परका माणूस कशाला? गावाची फुलं गावाच्या गाडीतनं जातील. दसऱ्याच्या आदल्या दिवशी सांजंपतुर शहराच्या बाजारात उतरवून दाखवतो. न्हाई उतरवली, तर गावात तोंड दाखवणार न्हाई." लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्यापाऱ्याला परत पाठवलं. दसऱ्याला झेंडूचा केवढा मान, हे सगळ्यांना ठाऊक होतं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तेच फूल उकिरड्यावर असतं, हेही ठाऊक होतं. म्हणजे जालिंदरची सगळी अब्रू आता त्या ट्रकमध्ये भरलेली होती.

खंडेनवमीचा दिवस उजाडला. दुपारच्या आत गाडी फुलांच्या क्रेटांनी काठोकाठ भरली. जालिंदरनं देवीला हात जोडले, केबिनमध्ये चढला आणि चावी फिरवली.

"कट," गाडी म्हणाली.

त्यानं पुन्हा चावी फिरवली.

"कट."

एवढंच. पुढं काही नाही. बघता बघता माणसं जमली. एकानं सांगितलं, डिझेल संपलं. दुसऱ्यानं सांगितलं, दृष्ट लागली. ज्याच्या दारात कधी सायकल उभी राहिली नव्हती, त्यानं सांगितलं की इंजिन खोलावं लागेल. सगळ्यांनी मतं दिली आणि जेवायला घरी गेले.

जालिंदर धावत जाऊन रंगनाथ मिस्त्रीला घेऊन आला. रंगनाथ मिस्त्री म्हणजे पंचक्रोशीतला गाड्यांच्या वायरिंगचा वैद्य. गाडीचा नुसता आवाज ऐकून दुखणं सांगायचा. तो आला, पण हात मागं बांधून आला.

"आज खंडेनवमी हाय," मिस्त्री म्हणाला. "पाने, पक्कड, टेस्टर, समदी हत्यारं पूजेला मांडल्यात. उद्या सोनं लुटल्याबिगर हत्याराला हात न्हाई. वडलांनी लावला न्हाई, मी लावणार न्हाई."

"आवं पण माझी फुलं?"

"तोंड पूजेला मांडलेलं न्हाई. तोंडानं सांगतो की. हातानं करणारा बघा."

हातानं करणारा कुठून आणायचा? लोहाराचा घण पूजेला. सुताराचा वाकस पूजेला. जालिंदरचे स्वतःचे पाने अक्कानं सकाळीच हळदकुंकू लावून पाटावर ठेवलेले. आज हत्याराचं काम करायचं नाही, असा साऱ्या गावाचा नेम. एकटा सर्जेराव मोकळा होता. त्याच्या हातात आजवर कुणी हत्यार दिलंच नव्हतं, त्यामुळं पूजेला मांडायला त्याच्याकडं काही नव्हतं. शिवाय त्याला पान्याची गरजही नव्हती. तो नट बोटांनी फिरवायचा.

मिस्त्री लिंबाच्या सावलीत उपड्या क्रेटवर बसला आणि त्यानं इलाज सुरू केला.

"सर्जेराव, बॅटरीचं झाकण काढ. टर्मिनलवर काय दिसतंय?"

"पांढरं साचलंय."

"कढत पाणी आण, वर वत आणि नारळाच्या शेंडीनं घासून लख्ख कर."

सर्जेरावानं चहाच्या टपरीवरून किटलीभर उकळतं पाणी आणलं, ओतलं, घासलं. टर्मिनल नव्या रुपयासारखं चमकायला लागलं. मिस्त्री खूश झाला. "शाब्बास! पांढरं साचलेलं दिसलं की कढत पाणी वतायचं आणि खसाखसा घासायचं. ध्यानात ठेव."

"ध्यानात ठेवलं," सर्जेराव म्हणाला.

आणि त्यानं खरंच ठेवलं. त्याची अडचण विसरण्याची कधीच नव्हती.

जालिंदरनं चावी फिरवली. "कट."

"आता करंट तपासाय लागंल," मिस्त्री म्हणाला. "सर्जेराव, घरला जा. गाडीचा एक जुना बल्ब आणि हातभर वायर घेऊन ये."

सर्जेराव घरी गेला. अक्का घरामागं परड्यात होती. घरात खुंटीला एक पांढरं फडकं टांगलेलं होतं, आणि फडक्यात पांढरंशुभ्र काहीतरी गच्च साचलेलं होतं. उद्याच्या श्रीखंडाचा चक्का होता तो. सर्जेराव थबकला. पांढरं. साचलेलं. चुलीवर तपेलंभर पाणी उकळत होतंच. त्यानं फडकं सोडलं, तपेलं उचललं, सगळं पाणी ओतलं आणि शेंडी घेऊन खसाखसा घासलं. चक्का मोरीतून वाहून गेला. फडकं मात्र असं लख्ख निघालं, की अक्कानं एरवी कौतुकच केलं असतं.

अक्का आत आली आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. "अरे मेल्या, उद्या दसरा! सासरची माणसं जेवायला येणार! कढत पाणी वततात व्हय असल्याला? वर टांगून ठेवायचं आणि आतलं समदं पाणी निथळून जाऊ द्यायचं. पाणी ऱ्हायलं की नासतं. कळलं का?"

"ध्यानात ठेवलं, अक्का," सर्जेराव म्हणाला आणि बल्ब घेऊन निघाला.

मिस्त्रीनं दुरूनच सांगून बल्ब लावून घेतला. बल्ब पेटला, पण मिणमिणता. "बॅटरी दमलीय वाटतं," मिस्त्री म्हणाला. "सर्जेराव, वरची बुचं काढ आणि आत पाणी हाय का बघ. तंवर आमी दोघं जरा च्या घेऊन येतो."

सर्जेरावानं बुचं काढली. आत डोकावला. पाणी होतं. चांगलं भरपूर होतं. पाणी राहिलं की नासतं, हे अक्कानं नुकतंच सांगितलं होतं, आणि इथं तर दाजींची बॅटरी नासायला टेकली होती! त्यानं दोन्ही वायरी एका हिसक्यात उपटल्या. दोन माणसांना न उचलणारी बॅटरी एकट्यानं उचलली आणि दोरानं लिंबाच्या फांदीला उलटी टांगली. आतलं सगळं पाणी टपटप गळून गेलं. खालचं गवत करपलं. फांदीखाली वाळत घातलेल्या जालिंदरच्या टॉवेलाची चाळण झाली. सर्जेराव बाजूला समाधानानं उभा राहिला.

जालिंदर आणि मिस्त्री चहा पिऊन आले.

"निथळली," सर्जेराव म्हणाला. "आता नासायचं भ्या न्हाई."

मिस्त्रीनं टांगलेल्या बॅटरीकडं बघितलं. मग त्याच्या तोंडून जे आलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. शेवटी तो म्हणाला, "अरे, ते पाणी न्हवं, त्यात तेजाब असतं! बॅटरीचं रगत हाय ते! आणि अशा उपटतात व्हय वायरी? सोडताना आधी काळी सोडायची, मग तांबडी. आधी काळी, मग तांबडी. उलटं केलं की ठिणगी उडती. आता जा पाटलीणकाकीकडं आणि त्यांच्या ट्रॅक्टरची बॅटरी मागून आण. उभीच्या उभी आण!"

"आधी काळी, मग तांबडी. ध्यानात ठेवलं."

पाटलीणकाकी मोठ्या मनाची बाई. "ने बाबा, गोठ्यात ट्रॅक्टर हाय, सोडव आणि ने," म्हणाली. सर्जेराव गोठ्यात गेला. ट्रॅक्टरच्या बॅटरीला दोन वायरी होत्या, पण दोन्हींवर चिखलाचा आणि ग्रीसचा एवढा थर बसला होता, की दोन्ही मातीच्या रंगाच्या. काळी कुठली आणि तांबडी कुठली? सर्जेराव विचारात पडला. सोडायची तर काळीच आधी सोडायला हवी. त्यानं इकडं तिकडं बघितलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. दावणीला एक काळी शेळी होती. तिच्या शेजारी एक तांबडी.

त्यानं आधी काळी सोडली. मग तांबडी सोडली. ठिणगी काही उडाली नाही, त्यामुळं आपलं बरोबर चाललंय याची खात्री पटली. मग त्यानं मातकट वायरी कशाही काढल्या आणि बॅटरी खांद्यावर घेतली, उभीच्या उभी.

तो गाडीपाशी पोचला, तेव्हा शेळ्या त्याच्या आधी पोचल्या होत्या. झेंडूचा वास त्यांना गोठ्यापर्यंत आला असणार. काळी फळीवर चढून वरच्या क्रेटात तोंड घालून होती. तांबडी खालून ओरबाडत होती. जालिंदर आणि मिस्त्री त्यांना हाकलत होते, आणि मिस्त्री हाकलतानाही हात मागंच बांधून ठेवत होता. चार-दोन क्रेटांचा फडशा पडला तेव्हा कुठं पाटलीणकाकी काठी घेऊन पळत आली.

"मोकळं सोडून कुटं जायचं असतं व्हय रे, बाबा?" काकी धापा टाकत म्हणाली. "चांगलं घट्ट बांधायचं. पुढ्यात चारा टाकायचा. वर सावली करायची. म्हंजे जाग्यावरनं हलत न्हाई."

"ध्यानात ठेवलं, काकी."

जालिंदरचं तोंड एव्हाना उतरलं होतं. सूर्य कलायला लागला होता. शहर घाटापलीकडं, आणि गाडी अजून लिंबाखाली. पाटलीणकाकीची बॅटरी बसवली. जालिंदरनं डोळे मिटून चावी फिरवली.

"कट."

"हेडलाइट लाव," मिस्त्री म्हणाला. जालिंदरनं लावला. लख्ख उजेड पडला. "आता सेल्फ मार." मारला. "कट." उजेड तसूभरही कमी झाला नाही.

मिस्त्रीचे डोळे चमकले. "सापडलं! बॅटरी झकास हाय. सेल्फबी झकास असणार. करंट जायचा तितं जातोय, पण माघारी यायला वाट न्हाई. सर्जेराव, गाडीखाली जा. इंजिनापासनं चासीला एक जाड पट्टी जाती, ती बघ."

सर्जेराव खाली सरपटला. "एक टोक लोंबतंय."

"तीच ती! अर्थिंगची पट्टी तुटलीय. मी म्हटलं न्हवतं?" मिस्त्रीनं असं काही म्हटलं नव्हतं, पण जालिंदर आनंदानं रडायचाच बाकी होता.

"मग टाका की नवी!"

"हाय की माज्याकडं नवी."

"कुटं हाय?"

"पूजेत," मिस्त्री म्हणाला. "तिच्यावर हळदकुंकू वाहिलंय, फूल ठेवलंय. उद्या सोनं लुटलं, की पयली पट्टी तुजीच."

जालिंदरनं हात जोडले. पाया पडला. उद्या दुपारी ही फुलं काय डोक्यावर घालू का, असंही विचारलं. मिस्त्रीलाही वाईट वाटलं, पण नेम तो नेम. साऱ्या गावाचे नेम असे पक्के असतात, आणि ते नेमके दुसऱ्याच्या गाडीच्या वेळी पक्के असतात.

"धक्का मारा," मिस्त्रीनं शेवटी सांगितलं. "डिझेलची गाडी हाय. उतारावर धक्क्यानं चालू हुईल. पण एकदा चालू झाली की बंद करू नको. बंद केलीस तर पुन्यांदा हाच खेळ."

जालिंदरच्या जिवात जीव आला. "मी तालमीतली माणसं घेऊन येतो. सर्जेराव, गाडी उताराला हाय. मी येईस्तवर जाग्यावरनं हलू देऊ नको!" असं ओरडत तो पळाला.

इकडं मिस्त्री उठला. त्याच्या घरी नैवेद्य खोळंबला होता. जाता जाता त्यानं भरल्या गाडीकडं बघितलं आणि मान हलवली. "एवढ्या वज्ज्याला धक्का बसतोय व्हय? सर्जेराव, आधी ओझं उतरव. फुलं उन्हात ठेवू नको, देवळामागच्या पडवीत ने. गाडी हलकी झाली पायजे."

"ध्यानात ठेवलं," सर्जेराव म्हणाला.

मिस्त्री गेला. सर्जेराव कामाला लागला. एकेका खेपेला चार चार क्रेट डोक्यावर घेऊन तो देवळामागच्या पडवीत रचत सुटला. असलं काम त्याच्या हातचं. घाम पुसायलाही तो थांबला नाही. गाडी झाडल्यासारखी रिकामी झाली. गाडी हलकी झाली पाहिजे, झाली.

मग त्याला दाजींचं सांगणं आठवलं. गाडी जाग्यावरून हलायला नको होती. ते कसं करायचं, हे तर पाटलीणकाकीनं समजावून दिलेलंच होतं. त्यानं जाड दोरखंडाचा नाडा घेतला आणि गाडीचा मागचा आकडा लिंबाच्या बुंध्याला घट्ट बांधला. पुढच्या बंपरसमोर कडब्याची एक पेंढी सोडून ठेवली. वर सावली करायची होती, म्हणून ताडपत्री ओढून चारी बाजूंनी आवळून टाकली. सुरकुती म्हणून राहू दिली नाही.

जालिंदर तालमीतले गडी घेऊन आला. आवळलेली ताडपत्री बघून त्याला भरून आलं. "बघा, निघायची तयारीबी करून ठेवलीय. भोळा हाय, पण माझ्यावर जीव हाय त्याचा." तो केबिनमध्ये चढला.

"बोल भवानीमाते की जय!" म्हणून गड्यांनी रेटा दिला. गाडी ढिम्म. पुन्हा रेटा दिला. गाडी ढिम्म. एक गडी म्हणाला, दुसरा जोर लावत नाही. दुसरा म्हणाला, पहिला नुसता ओरडतो. तिसऱ्यानं शर्ट काढला. गावात नुकतीच कुस्ती मारलेला एक पैलवान होता, त्यानं मांड्या ठोकल्या, गाडीला पाठ लावली आणि असा काही जोर केला की लिंबाच्या काड्या गळून त्याच्या डोक्यावर पडल्या. त्यानं वर बघितलं. मग मागं बघितलं.

"नाडा कुणी बांधलाय रं?"

"म्या," सर्जेराव म्हणाला. "हलू देऊ नको म्हणाले दाजी."

"आणि हा कडबा?"

"तो चारा हाय."

गड्यांनी सर्जेरावाला मनसोक्त शिव्या घातल्या. जालिंदरनं वरून आणखी चार घातल्या. नाडा सोडला, कडबा लाथेनं उडवला आणि पुन्हा रेटा दिला. आणि काय आश्चर्य! गाडी हातांतून सुटलीच. मागचे गडी तोंडावर आपटले. उताराला लागली, जालिंदरनं गिअर टाकला, एक गचका बसला, आणि धाड धाड धाड करून इंजिन पेटलं. काळ्या धुराचा लोट उठला. गावात एकच जल्लोष.

"बघितलं? भरली गाडी कापसागत ढकलली!" पैलवान म्हणाला आणि त्यानं सगळ्यांना दंड दाखवला. प्रत्येक जण आपापल्याच खांद्याला हात लावून बघत होता. त्या दिवशी मिळालेल्या मानाची गोष्ट तालमीतली माणसं अजून सांगतात.

"चढ!" जालिंदर ओरडला. सर्जेराव पळत्या गाडीत चढला.

"आता ऐक," जालिंदर म्हणाला. "बाजारात पोचेपर्यंत गाडी बंद करायची न्हाई. काय वाट्टंल ते झालं तरी न्हाई. मी मुतायला उतरलो तरी न्हाई."

"बाजारात पोचेपर्यंत न्हाई. ध्यानात ठेवलं, दाजी."

घाट लागला. एरवी या घाटात जालिंदरची गाडी कण्हत कुंथत चढायची. आज ती वरात निघाल्यासारखी तुरूतुरू चढली. जालिंदरचं मन हलकं झालं होतं, तो गाणं गुणगुणायला लागला. "काय पळतीया बघ! पाटलीणकाकीची बॅटरी खरी. ताकद हाय तिच्यात."

बॅटरीचा आणि घाट चढण्याचा तसा काही संबंध नसतो, पण गाडी चालू झाल्यावर एवढं कोण बघतो?

"हलकी हाय ना, दाजी," सर्जेराव म्हणाला.

जालिंदर पोट धरून हसला. "शाणा झालास की रं! आज तुझं समदं माफ. माझी अब्रू राखलीस गड्या. उद्या गावात मान वर करून फिरीन मी."

सर्जेरावाला फार बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा त्याला कुणी शहाणा म्हटलं होतं. तो मिशीवर हात फिरवत पुढं बघत बसला. आपण आज सगळ्यांचं सगळं ऐकलं, एकही गोष्ट विसरलो नाही, याचं त्याला मनापासून समाधान होतं.

दिवेलागणीच्या आत गाडी शहराच्या फूलबाजारात शिरली. बाजार फुलला होता. आडत्या जालिंदरची वाटच बघत होता. "आलात? माल कमी पडलाय. लोक दारात उभे आहेत. उघडा, उघडा!"

जालिंदर उडी मारून खाली उतरला. बाजारातल्या चार लोकांना दिसेल अशा बेतानं, सावकाश, मोठ्या रुबाबात त्यानं दोर सोडला. ताडपत्रीचं टोक धरलं आणि झटक्यात मागं फेकलं.

आडत्यानं आत डोकावलं. मग जालिंदरनं डोकावलं. गाडीच्या कोपऱ्यात झेंडूच्या चार पाकळ्या होत्या. त्याही शेळ्यांनी टाकलेल्या.

"सर्जेराव," जालिंदर म्हणाला. त्याचा आवाज फार लांबून आल्यासारखा होता. "फुलं?"

"पडवीत."

"कुटल्या पडवीत?"

"देवळामागच्या. मिस्त्री म्हणाले उतरव. हलकी कर म्हणाले."

"अरे, मग परत भरली का न्हाईस?"

सर्जेरावानं नीट आठवून बघितलं. दिवसभराचं एकेक सांगणं त्याच्या ध्यानात होतं. "भर असं कुणी म्हणालंच न्हाई, दाजी."

जालिंदर मटकन खाली बसला. त्याच्या डोळ्यांपुढं चावडी आली, टाळ्या वाजवणारी माणसं आली, परत पाठवलेला व्यापारी आला. आडत्याला दया आली. तो म्हणाला, "अहो, असे खचू नका. उद्या सकाळीसुद्धा फुलं जातील. अजून वेळ आहे. तडक मागं फिरा, फुलं भरा आणि पहाटेपर्यंत या. मी जागा धरून ठेवतो."

जालिंदरच्या अंगात वीज शिरली. वेळ आहे! अजून सगळं गेलेलं नाही! तो उठला, डोळे पुसले आणि केबिनकडं धावला. "चल सर्जेराव, चल! बस आत!"

पायरीवर पाय ठेवला आणि तो थांबला. बाजारात केवढातरी गलका चालला होता, म्हणून आतापर्यंत त्याच्या लक्षात आलं नव्हतं. गाडीचा आवाज येत नव्हता.

"गाडी," जालिंदर कसाबसा म्हणाला. "गाडी कुणी बंद केली?"

"म्या," सर्जेराव म्हणाला. "बाजारात पोचेपर्यंत बंद करायची न्हाई म्हणाला होतात. पोचलो, तशी लगीच केली."

जालिंदरनं चावी फिरवली.

"कट."

त्यानं स्टिअरिंगवर डोकं टेकलं. त्याची ती अवस्था सर्जेरावाला बघवेना. तो खाली उतरला, गाडीच्या मागं गेला, बाह्या सारल्या, दोन्ही तळवे फळीला लावले आणि मोठ्यानं धीर दिला, "घाबरू नका, दाजी. एकटा ढकलतो. गाडी हलकीच हाय."